नाल काढलेली घोडी

आमचे जावई पुण्याचे. दिवाळीला आले ते मोबाइल पुढं करूनच. "मामा, तुमच्या औंढ्याच्या डोंगरावर जंगली घोडे आहेत आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" व्हिडिओत काळ्या खडकाचा माळ, पिवळं गवत, उधळलेले घोडे. खाली लिहिलेलं, ज्वालामुखीच्या पठारावरचे रानटी घोडे. कपाळ माझं! अहो, ते लग्नातले, टांग्याचे घोडे. काम संपलं की लोक माळावर नेऊन सोडतात. त्यात एक घोडी आमचीबी आहे.

माझ्या वडलांनी, बाबांनी, सारा जन्म शिरड शहापूरच्या स्टँडवर टांगा हाकला. ऑटो आले, टांग्यात बसणं लोकांना कमीपणाचं वाटायला लागलं. शेवटी घोडी म्हातारी झाली, तसं चार वर्षांमागं ती माळावर सोडायचं ठरलं.

आमच्यात जनावर सोडायचं तर त्याच्या अंगावर माणसाचं काही ठेवत नाहीत. लगाम, घुंगरं, पायाचे नाल, सगळं उतरवायचं. नालासकट सोडलं तर ते मोकळं होत नाही, असं बाबा म्हणत. नाल काढायचं काम नालबंदाचं. पण आमचा नालबंद आदल्याच महिन्यात वारला होता, आणि दुसरा जवळपास कुणी उरला नव्हता. मग मीच पकड घेऊन बसलो. खिळे निघेनात. चिडून ओढले. खुराचे टवके उडाले. बाबांची नजर काचबिंदूनं तेव्हाच गेली होती. त्यांनी विचारलं, "बराबर निघाले का रे?" मी म्हणलं, "बराबर."

आता जावई माळावर निघालेत म्हणल्यावर बाबा बाजेवर उठून बसले. खुंटीवरचा, तिच्या तोंडाला बांधायचा तोबरा काढायला लावला, त्यात मूठ मूठ करून भिजवलेले हरभरे भरले.

"हालवला की येती बघ ती. आन् पाय बघून ये तिचे. लई दिस झाले, जिवाला घोर लागलाय."

मला खरं तर जायचंच नव्हतं. त्या चार वर्षांत मी एकदाही तिकडं फिरकलो नव्हतो, कामाचं निमित्त सांगत आलो.

गाडी पायथ्याला लावून आम्ही चढलो. जावई हौशी माणूस. हा सगळा थिजलेला लाव्हा आहे, मामा, असं सांगत चालले होते. मी खाली बघत चाललो होतो. लहानपणापासून हा दगड पाहिलेला, पण त्याच्या धारा त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. चपलेतून टोचत होत्या. मातीच्या सडकेवरसुद्धा नाल ठोकून चाललेलं जनावर आम्ही इथं उघड्या पायानं सोडलं होतं.

वर पंधरा-वीस घोडे चरत होते. माळावरच जन्मलेली शिंगरंही होती, त्याच दगडांवरून भन्नाट पळत होती. मी तोबरा हालवला. सगळे बिचकून लांब गेले. एक तेवढी थांबली, तिनं कान टवकारले आणि ती यायला लागली.

तेवढं अंतर यायला तिला किती वेळ लागला! पुढचा उजवा पाय टेकला की मान खाली जायची. खूर वरच्या केसांपर्यंत उभा चिरला होता. मी टवका उडवला होता तो हाच पाय. तरी आली बिचारी, तोबऱ्यात तोंड खुपसलं, माझ्या हाताला श्वास लागला. मला हुंदका आवरला नाही. जावई ती निघाल्यापासून मागं व्हिडिओ काढत होते. "मामा, जंगली घोडा हातातलं खातोय!" तोंडावर आलेली शिवी मी गिळली.

दाव्यानं खाली न्यायचा प्रयत्न केला. उतार सुरू होतो तिथवर आली आणि थांबली. ओढलं तर थरथरायला लागली. मी दावं सोडलं. आम्ही उतरलो तेव्हा ती तिथंच उभी होती.

घरी बाबा दारातच बसले होते.

"आली का?"

"आली. समदे हरभरे खाल्ले."

"पाय?"

"चांगलेत. पळती की माळभर."

बाबा हसले. इतक्या दिवसांनी हसले. तेवढ्यात जावई उत्साहानं म्हणाले, "आजोबा, दिसणार नाही तुम्हाला, पण ऐका तरी," आणि मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. मी हात पुढं केला, पण उशीर झाला होता. सारा जन्म टापा ऐकत काढलेला माणूस तो. खडकावर येणाऱ्या पावलांचा आवाज घरात आला. तीन टापा, मग अडखळ. तीन टापा, मग अडखळ. बाबांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. रिकामा तोबरा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चाचपत राहिले.

मग म्हणाले, "नालबंदाला बोलव."

नालबंदाच्या मातीला चार वर्षांमागं बाबा स्वतः गेले होते, माझाच हात धरून.

"बोलवतो," मी म्हणलं.