किल्ली भागाबाईकडे होती

आयुष्यात मी मोटार एकदाच चालवली. साधारण सव्वाशे फूट. इंजिन बंद होतं, माझ्या एका हातात भरिताची पत्रावळ होती आणि तोंड मागे होतं, कारण मी रुपचंद मास्तरांना भरितात मिरची कमी पडल्याचं सांगत होतो.

त्याचं असं झालं. आम्हा निवृत्त शिक्षकांची दर पौषात भरीत पार्टी असते. भडगावच्या बाहेर रुपचंद मास्तरांचं शेत आहे. तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि एकमेकांच्या रक्तातली साखर विचारत पुऱ्या खायच्या. आम्हाला नेण्या-आणण्याचं काम कौतिकभाऊंच्या काळ्या-पिवळ्या जीपचं. जीप उताराच्या शेतरस्त्यावर उभी होती. पौषातलं ऊनही आमच्याकडे दुपारी बरोबर टाळू शोधून काढतं, म्हणून मी पत्रावळ घेऊन जीपमध्ये जाऊन बसलो. नेमका चालकाच्या जागेवर, कारण तिथेच सावली होती. मांडी घालायला दोन दांडे आड येत होते. एक मी पुढे ढकलला, एक खाली दाबला. मांडी छान बसली.

जीप निघाली.

उताराच्या तळाशी डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्यावर त्या दिवशी पोलिसांची नाकाबंदी. रस्ता सुरक्षा सप्ताह होता. मी "अहो, अहो" एवढंच म्हणालो; तेही जीपला उद्देशून. लिंबाखाली पडलेले कौतिकभाऊ साठीच्या माणसाने धावू नये असे धावले, चालत्या गाडीत चढले, मला खांद्याने पलीकडच्या सीटवर लोटलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभे राहिले. जीप एक लोखंडी कठडा आडवा करून थांबली. माझी पत्रावळ मात्र थांबली नाही. ती पोलिसांच्या गाडीच्या काचेवर गेली.

हवालदार धावत आले. चालकाच्या जागेवर कौतिकभाऊ, हातात स्टिअरिंग, तोंडाला वास.

"फुंका यात."

कौतिकभाऊंनी फुंकलं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत कायदा काही बोलत नाही. यंत्र अठ्ठावन्न बोललं.

"साहेब, गाडी थांबनी. कोनले लागनं नही," एवढंच कौतिकभाऊ म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं मी वर्गात "ज्याने केलं त्याने उभं राहावं" असं सांगत आलो. त्या दिवशी मी बसून राहिलो. पायजम्यावरचं भरीत पुसत.

आता कौतिक वना महाजन हा माणूस सांगतो, म्हणजे मी किती खालच्या दर्जाचा बसलो होतो ते कळेल. तीस वर्षं त्यांची जीप भडगाव-पाचोरा करते. परवान्यात नऊ माणसं बसतात. कौतिकभाऊंच्या जीपमध्ये किती बसतात हे नऊ जण उतरल्यावर कळतं. दारू ते वर्षातून एकदाच पितात, आमच्या भरिताच्या दिवशी, आणि त्यालाही नियम आहे. नियम त्यांच्या बायकोचा, मंजुळाबाईंचा. आधी किल्ली, मग बाटली. मंजुळाबाई आमच्या पार्टीला पुऱ्या तळायला यायच्या. किल्ली त्यांच्या कमरेला खोचली गेल्याशिवाय कौतिकभाऊंच्या हातात पेला येत नसे, आणि ती परत मिळायची दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर. सहा वर्षांपूर्वी मंजुळाबाई गेल्या. पुऱ्या आता त्यांच्याच गल्लीतल्या भागाबाई तळतात, म्हणून किल्ली भागाबाईंच्या कमरेला असते. परतायला रुपचंद मास्तरांचा स्वप्नील जीप चालवतो. इतका काटेकोर पिणारा माणूस मी पाहिलेला नाही. न पिणाऱ्यांतही नाही.

मंजुळाबाई गेल्या तेव्हा मी दारावर गेलो होतो. पंधरा मिनिटं बसलो, अशा वेळी बोलतात ते चार शब्द बोललो आणि निघालो. घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यानंतर तिकडे जाणं काही झालं नाही.

वकील आम्ही अखिलला धरलं. कापडवाल्या प्रकाशचंद शेठचा हा नातू, आणि माझा विद्यार्थी. त्याने कागद पाहिले आणि शेठजी ताग्यातून कापड मोजून द्यायचे तसा कायदा मोजून दिला.

"पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत, आणि पंधरा हजार. लायसन तर आत्ताच तीन महिन्यांसाठी गेलंय."

"कबूल करी टाकू का?" कौतिकभाऊ म्हणाले. "दंड भरी देस."

"बहुतेक दंडावर सुटाल, आबा. पण गुन्हा कबूल केल्याची नोंद राहील. मग पुढे प्रवासी वाहनाचा बॅज राहील याची खात्री मी देत नाही."

कौतिकभाऊ दहा हजार ऐकून हलले नव्हते, सहा महिन्यांनाही हलले नव्हते. बॅज म्हटल्यावर त्यांचा हात खिशावर गेला. बॅज नाही म्हणजे माणसं नाहीत. जीपमध्ये कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला स्थळ आलं, हे सगळं दिवसभर त्यांच्या मानेमागे चालायचं. ते स्वतः फारसं बोलत नसत. फक्त ऐकायला मागे कोणीतरी लागायचं.

"मग लढू," अखिल म्हणाला. "पण इंजिन बंद होतं एवढ्यावर सुटका नाही. चाकं फिरत होती आणि स्टिअरिंग तुमच्या हातात होतं. गाडी सुटली कशी, हे कोणी सांगेल?"

कौतिकभाऊ म्हणाले, "सुटनी."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. 

तारखा सुरू झाल्या. मी प्रत्येक तारखेला जायचो. लोकांना वाटे, गुरुजींचं मन मोठं. मन मोठं नव्हतं, मनातली चोरी मोठी होती. पुकारा अकराच्या पुढे व्हायचा, पण कौतिकभाऊ साडेआठलाच कोर्टाच्या आवारात बसलेले. इस्त्रीचा सदरा, कागदात दोघांपुरते भाजलेले शेंगदाणे. शिपायाने "कौतिक वना महाजन हाजिर होऽ" अशी हाळी दिली की ते घाईने उठत, आणि पुढची तारीख घेऊन हसऱ्या चेहऱ्याने परत येत.

"हसता काय? पुन्हा तारीख पडली!"

"गुर्जी, पुरं नाव मी लगनमा आयकं व्हतं, नि आते आठे," ते म्हणाले आणि शेंगदाण्यांचा कागद माझ्यापुढे केला.

त्यांची मुलगी सारिका सुरतला दिली आहे. दर रविवारी फोन करते. तिला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "ती घाबरी जाई," म्हणाले. मग रविवारी बोलता काय, असं मी विचारलं. "गाडी भरी जास म्हनस. बठ्ठी शीटं फुल." लायसन जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

दुसऱ्या तारखेनंतर बाजारात मला भागाबाई भेटल्या, भाजी विकत बसलेल्या. मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबत म्हणाल्या, "गुर्जी, त्या मानूसले काहीतरी सांगा. संध्याकायले सात वाजनात का हारन वाजाडस."

"कोण?"

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी सातला कौतिकभाऊ गल्लीच्या तोंडाशी एकदा हॉर्न वाजवत, आणि तो ऐकून मंजुळाबाई तवा चुलीवर ठेवत. त्या गेल्यावरही हॉर्न चालूच राहिला. गल्लीला सवय होती, कोणी काही म्हटलं नाही. पण आता लायसन नाही, जीप दारात उभी. तरी सातला घरातून बाहेर येतात, जीपमध्ये बसतात, एकदा हॉर्न वाजवतात, थोडा वेळ बसतात, उतरतात, आत जातात. "मंग सोताच तवा ठेवस," भागाबाई म्हणाल्या, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वळल्या.

मी घरी आलो. सात वाजता कान देऊन बसलो. दोन गल्ल्या पलीकडून हॉर्न एकदाच आला. सहा वर्षं तो येत असणार, आणि मी सहा वर्षं टीव्ही मोठा करत असणार.

सकाळी अखिलकडे गेलो.

"अखिल, मी त्या गाडीत होतो."

"माहीत आहे सर, शेजारच्या सीटवर. काय पाहिलंत?"

"पाहिलं नाही रे. केलं."

सगळं सांगितलं. दोन दांडे, मांडी, मिरची. अखिलने पेन खाली ठेवलं.

"सर, सहावीत मी फळा पाडला होता. खरं सांगेपर्यंत तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं."

"किती वेळ?"

"दोन तास. तुम्ही तीन महिने घेतलेत."

साक्षीच्या दिवशी आधी भागाबाई उभ्या राहिल्या. किल्ली कुठे होती, असं विचारल्यावर त्यांनी कमरेवर थाप मारली. "आठे. किल्ली दिधाशिवाय मी याले पुरी बी देत नही, साहेब. मंजुळानं सांगेल शे." सरकारी वकिलांनी फार काही विचारलं नाही. भागाबाईंना फार काही कोणीच विचारत नाही.

मग मी. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"गुरुजी, तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग चालकाच्या जागेवर का बसलात?"

"सावलीला."

कोर्ट हसलं. शिपायानेही तोंड फिरवलं. चौतीस वर्षांत एवढा मोठा वर्ग मला एकदम हसला नव्हता. कौतिकभाऊ मात्र हसले नाहीत; ते माझ्या पायांकडे पाहत होते, मी पडतो की काय अशा काळजीने.

निकाल पुढच्या तारखेला लागला. सुटलेली गाडी माणसांवर जाऊ नये म्हणून ती थांबवणं म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं नव्हे, असं बाईंनी सांगितलं, आणि निर्दोष म्हटलं. अखिलने माझ्या पाया पडायला वाकून दाखवलं. ते मानाने होतं की चेष्टेने, हे मी विचारलं नाही. लायसन एव्हाना परत आलं होतं. बॅज कौतिकभाऊंच्या खिशाला होता.

बाहेर जीप उभी होती. ते फडक्याने चालकाची सीट पुसत होते. आत शेंगदाण्यांचा कागद होता, दोघांपुरता, न उघडलेला. आवार रिकामं होत चाललं होतं. पुढची तारीख नव्हती. शिपाई आत दुसऱ्या कोणाचं तरी पूर्ण नाव घेत होता, आणि कौतिकभाऊंचा हात त्या हाळीवर क्षणभर थांबला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "कौतिकभाऊ, एकटं समजू नका. कधीही या, मीही येत जाईन. मी आहे ना."

त्यांनी फडकं झटकलं, घडी केली, सीटखाली ठेवलं.

"मंजुळा गयी तवय बी तुम्ही हाईच बोलनात, गुर्जी."