मागच्या गेटची किल्ली

माणुसकी, माणुसकी! आमच्या अकोल्याच्या कॉलनीत कोणी हा शब्द काढला की माझं डोकंच फिरतं. माझी स्वतःची माणुसकी मी चांगली पाहून बसले आहे.

मोर्णा नदीला पूर आला त्या सकाळी घरात कंबरभर पाणी शिरलं. सासूबाई लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. नवरा नुसता "आता काय करावं वो?" म्हणत उभा. कॉलनीच्या मागच्या गेटाला लागून मुसलमानांचा मोहल्ला, तिथं एका भाभीचं दोन मजली घर. तिनं आपली दोन्ही जवान पोरं पाण्यात उतरवली आणि सासूबाईंना खाटेसकट वर नेलं. तीन दिवस आम्ही तिथंच होतो. ज्या घरचं पाणी सासूबाईंनी जन्मात घेतलं नाही, त्याच घरात भाभी त्यांना आपल्या हातानं खिचडी भरवायची. लुगडंसुद्धा बदलायची. निघताना मी हात जोडले, "भाभी, तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत."

नाहीच फिटले. गरज सरो, वैद्य मरो!

दोन वर्षांनी शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. कॉलनीतल्या माणसांनी मागच्या गेटाला कुलूप घातलं. आमचं घर गेटाला खेटून, म्हणून किल्ली माझ्याकडे. भरदुपारी भाभीचा फोन आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. त्यांच्याकडचा रस्ता बंद, आणि दवाखाना आमच्या कॉलनीतून पाच मिनिटांवर.

"मॅडम, बस गेट खोल दो. हम निकल जाएंगे."

"विचारून सांगते," मी म्हणाले.

विचारलं कुठं, तर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! तीस वर्षं शाळेत पोरांवर डोळे वटारणारी मी बाई, आणि लिहिलं काय, "गेट उघडायचे का? सर्वांनी मत कळवावे." कोणी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. कोणी लिहिलं, अध्यक्ष ठरवतील. अध्यक्षांनी लिहिलं, सर्वानुमते ठरवू. नको असं एकानंही म्हटलं नाही.

"काहून अंगावर ओढून घेऊन राहिली? सगळ्यायले ठरवू दे," नवरा म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं. खिडकीतून दिसत होतं, सून गेटाचे गज धरून वाकली होती. मी पडदा ओढला.

शेवटी ते नाल्याच्या काठानं लांबून गेले. दवाखान्यात पोचले तेव्हा फार उशीर झाला होता. लेकरू जन्मलं, पण रडलं नाही.

संचारबंदी उठल्यावर मी भेटायला गेले. कोणत्या तोंडानं गेले, देव जाणे! सून भिंतीला टेकून बसली होती. तिनं सरळच विचारलं, "आंटी, चाबी किसके पास थी?"

"चौकीदाराजवळ."

आमच्या कॉलनीला चौकीदारच नाही. हे भाभीला पक्कं ठाऊक होतं. मी मान खाली घातली, आता ती बोलेल म्हणून.

"हां बेटा," भाभी सुनेला म्हणाली, "चौकीदार के पास थी."