गच्चीवरचा राउटर
नव्या राउटरचा खोका उघडला की कोऱ्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि मला मंठा गावातल्या आमच्या घराची गच्ची आठवते. पहिल्यांदा बिनवायरचा राउटर आणला, तेव्हा त्याच्या दोन दांड्या बघून मी ठरवलं, हा टीव्हीच्या अँटेनाचाच भाऊ. जितका उंच, तितकं चित्र साफ. त्या दुपारी पुण्याहून लेक आठ दिवसांचा नातू लॅपटॉपवर पहिल्यांदा दाखवणार होती. मी वायरी वाढवून राउटर गच्चीवर नेला, अँटेनाच्या पाइपाला सुतळीनं बांधला आणि दांड्या फिरवत खाली ओरडलो, "आलं का?" बायको म्हणाली, "काईच न्हाई. जुनं वायरीचं बराबर चालू होतं की." शेजारीण मात्र तिच्या गच्चीवरून म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडं लई जोरात आलंय." शेवटी बायकोच लॅपटॉप घेऊन वर आली. पण उन्हात पडद्यावर नातवाऐवजी माझंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. मग आम्ही दोघं भर दुपारी वाळत घातलेल्या गोधडीखाली शिरलो, तेव्हा कुठं नातू दिसला. बायको हळूच म्हणाली, "टक्कल तुमच्यावर गेलंय." काल त्याच नातवानं घरी नवा राउटर बसवला आणि जाताना गच्चीला कुलूप लावून किल्ली आजीकडं दिली.