मापाचा ब्लाऊज

शोभाच्या लेकीचा, रेणुकाचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या बाहीला अस्तर लावत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी बाही पुरी केली, मशीन झाकली आणि नांदेडहून लातूरची बस धरली. कुणाला हा कोरडेपणा वाटेल, तर वाटो. शोभा गेल्याचं दुःख मला आहेच. पण ते वर आलं की त्याच्या पुढं राग येऊन उभा राहतो. दीड महिना झाला, तो हलत नाही.

शोभा आणि मी भोकरला एका वर्गात होतो. शिवणाच्या तासाला तिचा टाका कधी सरळ आला नाही. बाईंची पाठ वळली की तिचा रुमाल मी पुरा करून द्यायची, आणि माझी गणितं ती सोडवायची. पुढं तिला लोह्याजवळच्या एका गावात दिली, तिथं ती अंगणवाडीत लागली. मी नांदेडात ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. तेव्हापासून तिचा एकही ब्लाऊज दुसऱ्या कुणी शिवला नाही. तीन वर्षांपूर्वी ती दुकानात आली ती कुरकुरतच. "तुझा हात बिघडला बग, डावीकडं आवळून राहिला." मी टेप लावला. हात बिघडला नव्हता. डावीकडं लिंबाएवढी गाठ होती. "शोभे, हे काय गं?" "ते व्हय? दुखत न्हाई काई न्हाई. चरबी हाय." "चरबी एकाच बाजूला येते का?" ती हसली. मी हसले नाही. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, साधी गाठ दिसते, काढून टाकू. काढली, तपासायला पाठवली. रिपोर्टवर जे नाव आलं ते आम्हा दोघींच्या तोंडात बसेना… फायलोड्स. आम्ही तो कागद घेऊन लातूरला एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. ही गाठ कापली की आत पानांसारखी दिसते, म्हणून हे नाव. फार कमी बायकांना होते. काही साध्या असतात, काही वाईट. शोभाची मधली होती. भराभर वाढते, आणि कडेचं चांगलं मांस पुरेसं काढलं नाही तर पुन्हा येते, येताना कधी आधीपेक्षा वाईट होऊन येते. "मधली म्हंजे? कॅन्सर हाय का न्हाई, येक सांगा," शोभा म्हणाली. शेवटी मीच तोंड घातलं. शालूला कसर लागली तर भोकापुरतं कापून भागतं का? चांगला कपडा लागेपर्यंत कापावं लागतं, आणि नंतर घडी वरचेवर उलगडून बघावी लागते. "असं सांगा की मराठीत!" ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. त्याही हसल्या. दारातून ती मागं वळली. "माझ्या लेकीला हुईल का हे?" त्या म्हणाल्या, ही सहसा आईकडून लेकीकडं जाणारी गाठ नाही, पण तुमच्या हाताला पुन्हा काही लागलं तर त्याच आठवड्यात या. दुसरं ऑपरेशन झालं. दर सहा महिन्यांनी तपासणीला मी सोबत जायचं, असं ठरलं.

दोनदा गेलो. मग रेणुकाची सोयरीक निघाली, तीही माझ्याच लातूरच्या नणंदेच्या मुलाशी. स्थळ मीच सुचवलं होतं. त्यानंतर शोभा दुकानात आली नाही. लोह्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पिशवी यायची, आत नवा कपडा आणि एक जुना ब्लाऊज. फोनवर म्हणायची, "लगीन अंगावर आलंय, सवड न्हाई. मापाचा ब्लाऊज धाडून राहिले, त्याच्यावरच शिव." यात मला काही वावगं दिसलं नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच आहेत. त्यांचे ब्लाऊज मी ओळखते, तोंडं नाही. तपासणीचं विचारलं तर म्हणाली, "रेणुकासंगं जाऊन आले, समदं नीट हाय." मी विश्वास ठेवला. ती गेलीच नव्हती. लग्नात भर उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरत होती. मी म्हटलं, "काय गं, आत्तापासून सासूबाई झालीस?" ती म्हणाली, "विहीण व्हावं लागतं माय, तुला काय कळतंय!" मिठी मारायला गेले तर अंग चोरून बाजूला झाली. जिचा हात हयातभर बायकांच्या मापावर फिरला, त्या माझी नजर त्या दिवशी नणंदेच्या मानपानात होती.

लग्नानंतर तीन आठवड्यांत ती लातूरच्या दवाखान्यात होती. गाठ परत येऊन आठ महिने झाले होते, आणि आता ती छातीच्या आत, फुप्फुसात पोचली होती. मी कॉटशी उभी राहून विचारलं, "मला कामून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर गप बसली असतीस का?"

"न्हाई."

"नणंदेपाशी खोटं बोलली असतीस का?"

मी चादरीची सुटलेली कड गादीखाली खोचली.

"मंग?" तिला दम लागत होता. "आईला हाय म्हंजे लेकीलाबी हुईल, असंच म्हणत्यात. लोकांला कुठं समजावत बसू? मलाच दारातून फिरून इचारावं लागलं."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी कसरीचं सांगितलं तेही, आणि त्याच आठवड्यात यायचं होतं तेही. तिनं तारीख मोजून, लग्नापर्यंत थांबायचं ठरवलं आणि मला बाजूला ठेवलं. गणित तिचं, नेहमीसारखं. शिवण माझी, आणि तीही मला फसवून करून घेतलेली. नंतर मी नणंदेला सरळ विचारलं, आधी कळलं असतं तर? "आम्ही काय सोयरीक मोडली असती का वहिनी?" ती म्हणाली. पण ते म्हणायच्या आधी ती जरा थांबली होती… ते थांबणं मी विसरत नाही.

आता मी मापाचा ब्लाऊज घेत नाही. स्वतः या, नाहीतर दुसरीकडं शिवा. परवा एक म्हणाली, "लई भाव खाऊन राहिलीस गं!" म्हटलं, हाव, खाते, हात वर कर.

चौदावा झाल्यावर रेणुका माझी एक शिवण परत द्यायला आली. लग्नात आईनं घातलेला ब्लाऊज, जुन्या मापावर मी शिवलेला. आतून उलटा केला. शिवताना मी बगलेखाली बोटभर कापड जादा सोडते. डावीकडं तिनं माझी शिलाई उसवून ते सगळं मोकळं केलं होतं. तेही पुरलं नसावं, म्हणून जुन्या लुगड्याची एक पट्टी आत जोडली होती. टाके वाकडे, कुठं लांब, कुठं एकावर एक. दुकानातल्या खिळ्याला तो तसाच अडकवला आहे. रोज कुणीतरी विचारतं, हा कुणी बिघडवला? पाचवीत तिचा रुमाल मी पुरा करून द्यायची. हे टाके तिनं एकटीनं घातले.