आईच्या कानांसाठी कन्नडपर्यंत: गाडीतल्या एका खडखडाटाचा पाठलाग

लोक या रस्त्याने वेरूळची लेणी बघायला जातात. आम्ही दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याच रस्त्याने आमच्याच गाडीतला आवाज शोधायला निघालो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण ज्यांची गाडी जुनी आहे आणि घरात म्हातारं माणूस आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी आई आमच्याकडे राहते. चार-पाच वर्षांपासून तिला ऐकू कमी येतं. दिवाळीच्या आधी मोठ्या मिनतवारीने तिला दोन्ही कानांची मशीन घेतली. घरात ती घालते, पण गाडीत बसली की पहिल्या चौकातच काढून डबीत ठेवते. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमची गाडी ह्याच्यातून अशी वाजायली, जशा पत्र्यावर गारा पडायल्यात."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की सवय लागेपर्यंत मशीन दिवसभर घालायलाच हवी. सारखी काढ-घाल केली तर महिन्याभरात ती कपाटात जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. शेजारच्या काकांची तशीच गेली. त्यात मामाकडची भाऊबीज राहिली होती. मामाचं गाव वेरूळच्या पलीकडे, कन्नडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या वर्षी आई तिथे दिवसभर सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवत, हसत बसली होती. कुणी काय म्हटलं ते तिला कळत नव्हतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. मला ते बघवलं नाही. तेव्हा ठरवलं, यंदा आई कान घालून पोहोचली पाहिजे आणि त्यासाठी गाडी गप्प झाली पाहिजे.

माझा नवरा नितीन गाडी आधी सर्व्हिसिंगला नेऊन आलाच होता. तिथे ती अगदी गुणी पोरीसारखी वागली आणि कुठलाच आवाज निघाला नाही. म्हणून हे काम रस्त्यावरच करायचं असं त्याने जाहीर केलं. मी गाडी चालवायची, आईने गुडघ्यांमुळे नेहमीसारखं पुढे बसायचं आणि त्याने मागे बसून कान लावायचा. पद्धत साधी आहे. गाडी आधी पूर्ण रिकामी करा, काचा बंद, एसी बंद, गाणी बंद. आमच्या गाडीतून तीन छत्र्या, एक खलबत्त्याचा बत्ता आणि मी दोन दिवाळ्या शोधत असलेली सांडशी निघाली. बत्ता तिथे कसा गेला याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सकाळी लवकर निघालो. शहराबाहेर पडेगावला पोहे आणि चहा घेतला. पोहे झणझणीत, चहा गोड, बसायला झाडाखाली बाकडं. तिथपर्यंत रस्ता इतका चांगला की गाडीने तोंडच उघडलं नाही. नितीन वैतागला. चांगल्या रस्त्यावर चिडलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

दौलताबादला त्याची इच्छा पुरी झाली. किल्ल्याच्या तटातल्या वेशीतून एका वेळी एकच गाडी निघते, त्यामुळे रविवारी तिथे थांबत थांबतच जावं लागतं. त्या धक्क्यांत आमची गाडी बोलू लागली. मागच्या सीटचा पट्टा प्लॅस्टिकवर आपटत होता, तो नितीनने बांधून टाकला. पुढे घाटात वळण आलं की सीटच करकर वाजू लागल्या. आई खिडकीबाहेर बघत होती. डबी तिच्या मांडीवर होती आणि कान त्या डबीत.

खुलताबादला एका सीट कव्हरच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदार सलीमभाईंनी सीटवरचं कापडी कव्हर जरा उचललं आणि आत हात घालून थांबले.

"मॅडम, ये पन्नी कायकू रखे?"

गाडी घेतली तेव्हाचं प्लॅस्टिक. आईने ते काढू दिलं नव्हतं, वरून कापडी कव्हर घालायला लावलं होतं. आमच्याकडे रिमोट, सोफा, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं असंच प्लॅस्टिकमध्ये सुखात असतं. मी आईच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं की हे काढावं लागेल.

"आठ वर्षं राह्यलंय ना नवं?" आई म्हणाली. मशीन नसली की तिचा आवाज असा चढतो की दुकानाबाहेरची दोन माणसं वळून बघू लागली. "काढलं की मळंल."

"अम्मा, मळने दो. आपन बैठने कू लिए ना गाडी?" सलीमभाई तितक्याच मोठ्याने म्हणाले.

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. सीटवरचं, दारांवरचं, उन्हाच्या झापडांवरचं, सगळं प्लॅस्टिक निघालं. नितीनने डिक्कीतला जॅक कापडात गुंडाळला. पुढून येणारा टक असा आवाज मात्र सलीमभाईंना सापडला नाही. त्यांनी समोरच्या कप्प्याच्या झाकणाला मखमलीची पट्टी लावली, "अब नै आता" म्हणाले, पण तो आलाच. सगळ्याचे मिळून एका बऱ्या जेवणाएवढे पैसे लागले. तुम्ही जाल तेव्हा समोरच्या गाड्यावरचे पेरू घ्या, मीठ जास्त मागा.

गाडीत बसल्यावर आईने सीटच्या कापडावरून हात फिरवला. मग आपण होऊन डबी उघडली. "बघू घालून," म्हणाली. वेरूळचा घाट उतरू लागलो. करकर गेली होती. आता फक्त तो एकच आवाज उरला होता. वळणावर टक, मग जरा शांत, पुढच्या वळणावर पुन्हा टक. आईचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, गेली आता मशीन डबीत.

पण तिने तो हात डॅशबोर्डवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गाडी हळू घे. हे काय ढिल्लं नाय झालेलं. काईतरी गोल हाय, गडगडत जायलंय आन् थटायलंय." दुसऱ्या वळणावर तिने बोट ठेवलं ते काचेच्या खालच्या जाळीवर, जिच्यातून काचेवरचं धुकं घालवायला हवा येते. "हितं. हरभऱ्याचा डबा हालवला की खडा असाच कळतो."

नितीन मागून पुढे झुकून ऐकत होता. ज्या मशीनमुळे आईला गाडी सोसत नव्हती, त्याच मशीनने आवाज पकडला होता. तो मला म्हणाला, "आपण उगाच मागे कान लावत बसलो." वेरूळ ओलांडल्यावर रस्ता मोकळा होता. उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर अडथळा नाही, पण त्यांना ओलांडताना घाई करू नका.

मामाच्या अंगणात उतरलो तेव्हा ओवाळण्याचं ताट तयार होतं. आईने मामाला ओवाळलं, मामाने तिच्या पाया पडून साडी दिली आणि फोनवर सगळं कळलं होतंच, म्हणून लगेच बाह्या सरसावून विचारलं, "कुठं वाजायलं?"

त्याने गाडीचं डावं चाक बांधाच्या उताराला लावायला सांगितलं, म्हणजे आत जे काय होतं ते एका कोपऱ्यात येईल. नितीनने जाळी उचकटली. मोबाइलच्या उजेडात काहीतरी तपकिरी, गोल दिसलं. पक्कड पोहोचेना. मामी पोळ्या लाटत होती, ती पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, लांब काडी घेऊन आली, तिच्या टोकाला भिजवलेल्या कणकेचा गोळा लावला आणि नितीनला म्हणाली, "पाव्हणं, आता दाबा." काडी वर आली तेव्हा कणकेला सुपारी चिकटलेली होती. अंगावर वाळलेलं हळदकुंकू.

गाडी घेतली त्या दिवशी आईने डॅशबोर्डवर तांदूळ ठेवून त्यावर सुपारीचा गणपती मांडला होता. लिंबावरून चाक गेलं आणि नंतर सुपारी कुणालाच दिसली नाही. आम्ही समजून चाललो की उचलली असेल कुणीतरी. तो गणपती आठ वर्षं आत बसून आमच्याबरोबर गावभर हिंडत होता.

आईने सुपारी ओंजळीत घेतली आणि तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "ठिवा परत तिथंच."

नितीनने माझ्याकडे बघितलं. मामा म्हणाला, "आक्का, मग वाजंल की."

"वाजू दे. देवाला त्याच्या जाग्यावरून काढायचं नाय. मीच कान काढून ठेवत जाईन. लई दिवस ऱ्हायले तशी."

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. मी म्हटलं, "आई, तू ऐकू न येता राहिलीस, पण आमचं काय? मला तुझ्याशी बोलायचं असतं गं. गाडीत तुझ्या शेजारी बसून मी एकटीच असते."

हे मी ओरडून म्हटलं नव्हतं. तिला ऐकू गेलं.

मग ती मामाच्या ओसरीत गेली. तिथे वेचून आणलेल्या कापसाचा ढीग होता. त्यातला मूठभर घेऊन तिने सरकी काढली आणि वळायला बसली. पूजेत देवाला वाहतो ना कापसाचं वस्त्र, तेच, पण चांगलं जाड. ते तिने सुपारीला गुंडाळलं, एकावर एक, आणि ती गाडीतल्या समोरच्या कप्प्यात ठेवून दिली. "थंडीचे दिस हायेत," मामाला म्हणाली, "नीट पांघरूण लागतंय." मामा मान खाली घालून हसला.

जेवायला पोळी, वांग्याची भाजी आणि ताजी अद्रक घातलेलं वरण होतं. आई भावाशी दुपारभर बोलली. तो काय म्हणाला ते ऐकून, मग उत्तर देऊन, मध्येच भांडून. आई मामाशी भांडली हे मी नितीनला दोनदा सांगितलं.

उन्हं उतरताना परत निघालो. गाडीत इंजिनाशिवाय काही नाही. घाट चढून खुलताबादच्या जवळ आलो तेव्हा शेजारून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "स्वातू, तू गाडी छान चालवतीस."

मी दचकले. आईचा आवाज. ऐकू येईनासं झाल्यापासून ती स्वतःला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलायची, आणि आम्ही तोच तिचा आवाज धरून चाललो होतो. ती इतकं हळू, इतकं गोड बोलते हे मी विसरूनच गेले होते. उत्तर द्यायला मला पुढचं वळण जाऊ द्यावं लागलं.

आता घरी येऊन आठवडा झाला. मागच्या दारात अजून एक किरकिर आहे असं नितीन म्हणतो आणि पुढच्या रविवारी पैठणच्या बाजूला, बिडकीनच्या रस्त्यावर ती शोधायचा त्याचा बेत आहे. जाऊ. आई मशीन झोपताना तेवढी काढते. ती स्वयंपाकघरातून हळूच काही बोलली की मला आता कळत नाही, आणि मी हातातलं काम ठेवून उठते, तिच्या जवळ जाऊन उभी राहते आणि विचारते, काय म्हणालीस गं?