भिकनदादाचे ओठ

इथले भुताखेतांचे अनुभव मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसतो. झोप कमी पडली की माणसाला काहीही दिसतं, हे माझं ठाम मत होतं. भाऊबंद माझ्या थोरल्या भावाला, भिकनदादाला, भगताकडे न्यायला आले, तेव्हा दारात आडवा उभा राहिलेला माणूस मीच. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं गेली...

१९९६ ची गोष्ट. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतला नवागामात एका खोलीत राहायचो — दादा, शोभावहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. आम्ही दोघे भाऊ एकाच पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला. चाळीस लूम एकदम चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून कारागीर आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला आम्ही शेठला मनसोक्त शिव्या द्यायचो आणि शेठ मध्ये उभा असायचा!

दादा आधी जेवेनासा झाला, मग झोपेनासा. कुणीतरी हाका मारतं म्हणाला. भाऊबंद म्हणाले, बाहेरचं आहे. मी म्हणालो, डोक्याचा आजार आहे, डॉक्टर पाहिजे. सरकारी दवाखान्याच्या मानसिक विभागात त्याला घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक महिन्यांत दादा नीट जेवू लागला, पुन्हा लूमवर उभा राहिला. बोलायचा कमी, पण बोलायचा. मी भाऊबंदांसमोर कॉलर ताठ करून हिंडत होतो.

मग एका सुट्टीच्या दुपारी तो खिडकीकडे बघत बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. वहिनीला वाटलं, नाव घेतोय देवाचं. मला वाचता येत होतं. तो आमच्या अहिराणीत कुणालातरी उत्तरं देत होता, आत्ता नको म्हणून विनवत होता.

"आते नही... दम धर... पोर लहान शे ना..."

मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, हसायचा, पुन्हा सुरू. माझ्याकडे लक्ष गेलं तसं आवाज न काढताच म्हणाला, "कोणले सांगू नको, संजू. गोळ्या वाढाडतीन. मंग माले लूमवर कोन उभं करी?"

पुढच्या तारखेला डॉक्टरांनीही ते ओठ पाहिले. तरुण गुजराती डॉक्टर, भला माणूस. "ये दवा का असर है," म्हणाले, "कभी कभी होठ ऐसे हिलते हैं." मग मला विचारलं, "घर पे अकेले में किसी से बात करता है?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नहीं साहब."

गोळी निम्मी झाली. कुठल्याही लूमवाल्याला एका नजरेत कळलं असतं की हा गोळीचा परिणाम नाही, हा माणूस बोलतोय. डॉक्टरांना कसं कळणार? मला कळत होतं आणि मी खोटं बोललो. हे मी वहिनीला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी दादा खिडकीकडे बघून म्हणाला, "हा, निंघनू." निघालो म्हणतोय, हे मी वाचलं आणि डबा उचलून पाळीवर गेलो. संध्याकाळी घरी आलो तर वहिनी रडत बसलेली. तो पाणी भरायला म्हणून गेला होता. बादली नळापाशीच होती.

स्टेशन, धर्मशाळा, शवागार, गाव — सगळं पालथं घातलं. त्याच ओपीडीत मी दर महिन्याला जायचो, कुणी बेवारस पेशंट आलाय का विचारायला. दीड वर्ष झालं असेल. एकदा बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, सोबत मुलगा. बारडोलीकडचे गुजराती, ऊसवाले शेतकरी. म्हातारीचे ओठ हलत होते. सवयीने वाचले गेले... ती अहिराणी बोलत होती!

"भिकन, तुना भाऊ अठेच बसेल शे." मग थांबली, ऐकल्यासारखी. "नही रे. तो काहीच बोलत नही."

मी मुलाला त्याच्या आईबद्दल विचारलं, बा मराठी जानती है क्या? तो म्हणाला, "ना रे भाई, मराठी भी नहीं, हिंदी भी नहीं. दवाई से होठ हिलते हैं."

या वेळी मी गप्प बसलो नाही. त्यांच्या मागोमाग आत घुसलो आणि सगळं सांगून टाकलं — दादाचं, माझ्या खोट्याचं, म्हातारीचं. हात जोडले, "साहब, इनकी दवा कम मत करो." तेच डॉक्टर होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नींद बराबर आती है? ऐसा कब से समझ में आता है आपको?" मग नवा केसपेपर घेतला. त्यावर माझं नाव लिहिलं. म्हातारीची गोळी निम्मी झाली.

मीही गोळ्या घेतल्या, सहा महिने. डॉक्टर चुकले असंही म्हणवत नाही. मन खात होतं म्हणून मला तसं दिसलं असेल. दादाचं नाव तिने माझ्याच तोंडून ओपीडीत ऐकलं असेल. पण अहिराणी? तिथे माझी अक्कल संपते.

दोन महिन्यांनी तो मुलगा ओपीडीत पुन्हा दिसला, एकटाच. केसपेपरच्या खिडकीशी उभा राहून कुणी बेवारस म्हातारी आली आहे का विचारत होता. मग माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "उस दिन बा क्या बोल रही थी, फिर से बताओ ना."

मी शब्दन् शब्द सांगितला. त्याने मान डोलावली. माझं म्हणणं खरं मानणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

"मतलब दोनों साथ में हैं," तो म्हणाला.

कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. मी नुसतं हो म्हणालो.