घार वर्गाची तिसरी विनाशिका

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्याच कुणाच्या निधनाची बातमी तपासत होतो. आदल्या दिवशी परळच्या इस्पितळात त्याला भेटलो होतो. डोळे मिटूनच तो म्हणाला, "गोविंदाक डोलकाठीचा सांगू नको... आणि सांगलंस, तर मी सांगूक सांगलंय असा सांगू नको." मी हसलो. रविवारी लालबागला गोविंदाकडे जायचं ठरवलं. रविवार तीन दिवसांवर होता.

डोलकाठी होती एका विनाशिकेची, वीतभर लांबीच्या. दत्ताराम गिरणीत फिटर, गोविंद विणकर, मी दोघांचा भोईवाड्यातल्या चाळीतला शेजारी. संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात हात रिकामे झाले, तेव्हा दोघांनी झिजलेल्या धोट्यांतून युद्धनौका कोरायला घेतल्या. मागावर सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा मुळातच होडीच्या आकाराचा... त्यावर क्षेपणास्त्रांच्या नळ्या, रडार, डोलकाठी चढली. जगात कुठेच नसलेला हा 'घार वर्ग'. चार नौका दत्तारामच्या आरमाराच्या, चार गोविंदाच्या. राष्ट्रं दोन, पण मित्र; आराखडा एकच. वहीच्या पानावर करार झाला, साक्षीदार मी. एकाची नौका मोडली तर दुसऱ्याने आपल्या नौकेचा भाग काढून द्यायचा, नवा करायचा नाही. दुपारी गॅलरी धुतली की फरशीवर पाण्याचा पातळ थर राही. त्यात आठही नौका उलट्या दिसत, आणि भोंगा नसलेल्या त्या शांततेत दोन बाप्ये उकिडवे बसून त्यांना हलकेच पुढे सरकवत... कठड्यापलीकडे समुद्रच असल्यासारखे.

संप लांबला. धाकटी मुलगी आजारी, म्हणून एका सकाळी गोविंद संप मोडून कामावर निघाला. दत्ताराम गॅलरीतून म्हणाला, "जातंस तर तुझा आरमार घेऊन जा." त्याच संध्याकाळी गोविंदानं आपल्या चार नौका लालबागला भावाकडे नेल्या, मागून बिऱ्हाडही. दत्तारामनं रागानं फळीवर हात मारला. त्याची तिसरी नौका खाली पडली, डोलकाठीचा चुरा झाला.

पुढे गिरणीच बंद पडली. दत्ताराम गोदीत कंत्राटी रंगारी झाला. खऱ्या विनाशिकेच्या कडेला लोंबकळून दिवसभर रंग देऊन आला की सांगे, "बरी हा. पण घारीची सर नाय." नवी डोलकाठी करायला त्याला अर्धा तास पुरला असता. "कर ना रे," मी म्हणे. "करार हा," एवढंच उत्तर. मागायला तो गेला नाही, स्वतःही केली नाही. मी दोन्ही घरी चहा प्यायलो, निरोप कुणाचाच नेला नाही. बाजू न घेण्याची मला सवय होती. इथे ती चूक ठरली.

तेराव्यानंतर लालबागला गेलो. गोविंदाला सगळं सांगितलं. कुणी सांगायला सांगितलं, तेही.

"इतकी वर्सा बोडकीच ठेवल्यान?"

"हो."

"येडो रे येडो..." त्यानं काचेच्या कपाटातून आपली तिसरी नौका काढली, नखानं डोलकाठी उचकटली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

भोईवाड्यात दत्तारामच्या मुलीनं फळीवरची नौका खाली घेतली. डोलकाठी भोकात अलगद बसली. गोंद लागला नाही. गोविंदानं फुंकर मारून पाहिली, ती हलली नाही.

"काका, तुमच्या नौकेला मी सुताराकडून नवी करून आणते," मुलगी म्हणाली.

गोविंद चपला घालत होता. "नको," तो म्हणाला. "करार हा."

परवा लालबागला गेलो होतो. काचेच्या कपाटात त्याची तिसरी नौका बोडकीच उभी आहे.